निळ्या ठिगळाचं बटण

अफसानाच्या हातात वस्तू द्यायची आणि ती लगेच परत मिळेल अशी आशा करायची, हे जमणार नाही. वस्तू नीट होते, त्यात वाद नाही. पण आधी ती पूर्ण उघडली जाते. मिक्सरचं नुसतं बटण गेलेलं असलं तरी ही बाई मोटारीपर्यंत जाऊन येते. "आत काय केलंय बघू तरी," हे तिचं पालुपद. गिऱ्हाईक दारात ताटकळत उभं आणि ही भिंग डोळ्याला लावून आत डोकावतेय. मग त्या गिऱ्हाइकाला चहा कोण पाजतं? मी.

वडगावच्या बाजारपेठेत आमचा दोघींचा एकच गाळा आहे. डावीकडं माझं शिलाई मशीन आणि कापड कापायचं लांब टेबल, उजवीकडं तिचं दुरुस्तीचं काउंटर. मी रंजना, तोंडाची फटकळ. मी शिवलेलं ब्लाउज कुणी तिसऱ्यांदा उसवायला आणलं की माझा आवाज कोर्टापर्यंत जातो. अफसानाचा आवाज तिच्या काउंटरवरसुद्धा पुरत नाही. ती कुसगावहून येते, नवरा इरफान लोणावळ्याला एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे. पण मी तिला ओळखते ती त्याच्याही आधीपासून. तिचे वडील नसीरचाचा कामशेत ते पवनानगर जीप चालवायचे आणि मी त्याच जीपनं शाळेला जायचे. ही एवढीशी पोरगी पुढच्या सीटवर बसून प्रत्येक बटणाला हात लावायची. एकदा बाईसाहेबांनी हॉर्न उघडून ठेवला आणि चाचांनी तो अख्खा दिवस खिडकीतून पत्रा बडवत जीप चालवली. तरी पोरीला रागावले नाहीत. "आत काय होतं ते सांग तरी," एवढंच म्हणाले. तिथंच तिची सवय बिघडली, माझं स्पष्ट मत आहे.

आता ज्या डब्याची ही गोष्ट आहे तो माझ्या आईसाठी केलेला. आईचं नाव आक्काबाई. आमचं गाव पवनानगरच्या पुढं, धरणाच्या पाण्याला लागून. गेल्या दिवाळीनंतर आईच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समज मात्र लख्ख. जी बाई बांधावर उभी राहून पलीकडच्या वाडीला हाक मारायची, ती आता नुसती बघत बसायची. हो-नाही मानेनं चालायचं. पण मानेनं स्वतःहून काय विचारणार माणूस? आम्ही विचारायचं आणि तिनं मान हलवायची, एवढाच संसार उरला होता. मी दर सुट्टीला जायचे आणि येताना जीपमध्ये डोळे पुसत यायचे. मला माझ्या आईचं बोलणं परत पाहिजे होतं, दुसरं काही नको होतं.

हे मी एकदा काज करता करता बोलून गेले. अफसानानं भिंग काढलं.

"बटण दाबलं की बोलणारा डबा करू या का, रंजनाताई? डाव्या हातानं दाबता येईल त्यांना."

"येतो का तुला करायला?"

"येत नाही. पण आत काय लागतं ते बघू तरी."

झालं. स्विचबोर्डाचा प्लास्टिकचा बॉक्स आला, जुन्या रेडिओचा स्पीकर आला, मोठी आठ बटणं आली, आणि बोटाच्या दोन पेरांएवढा एक बोर्ड आला. त्याच्यावर एक चिप. डब्याचा सगळा मेंदू तोच. मी म्हटलं, एवढ्याशा तुकड्यात आईचं बोलणं मावणार कसं? तर तिचे डोळे चमकले, कारण तिलाही नेमकं तेच कोडं पडलेलं होतं.

विकणाऱ्यानं सांगितलं होतं की या बोर्डाची फ्लॅश मेमरी चार एमबी. फ्लॅश म्हणजे लाइट गेली तरी जे विसरत नाही ते. पण अफसानाला सांगोवांगी चालत नाही. तिनं तसलाच एक मेलेला बोर्ड घेतला, गरम हवा मारून त्याचं पत्र्याचं टोपण उचललं आणि आतल्या मेमरीवरची बारीक अक्षरं मला वाचायला लावली, कारण सुईत दोरा ओवणारीची नजर म्हणे चांगली असते. मी वाचलं, शेवटी बत्तीस.

"बघ, तो चार म्हणाला आणि इथं बत्तीस! फसवलं की गं त्यानं, उलट्या बाजूनं!"

"नाही हो. हे बत्तीस बिटांच्या हिशोबात आहेत. आठ बिटांचा एक बाइट. बत्तीसला आठानं भागा."

म्हणजे लांबी एकच, कुणी बोटांनी मोजली, कुणी वितीनं. एवढं मला कळलं. मग तिनं आमच्या जित्या बोर्डालाच प्रोग्रॅम घालून विचारलं, बाई गं, तुझ्यात जागा किती? त्यानंही चार सांगितली. तेव्हा कुठं अफसानाचं समाधान झालं. पण पुढं आवाजाच्या फाइली भरायला घेतल्या तर दीड एमबीच्या अलीकडंच जागा भरली. पाऊण मिनिटाचं बोलणं मावलं आणि बोर्डानं हात वर केले.

"चारातले दीड. बाकीचे गेले कुठं?" ती चहा पिताना म्हणायची. सोल्डर करताना म्हणायची. लोकलची वेळ झाली तरी दारात उभी राहून म्हणायची. मी वैतागले. म्हटलं, "पाऊण मिनिट तर पाऊण मिनिट. आईला काय कीर्तन करायचंय? गरजेचे शब्द भर आणि संपव."

शब्द मी निवडले आणि माझ्याच आवाजात बोलले. पाणी पाहिजे. दुखतंय. भूक लागली. बाहेर जायचंय. चहा दे. थंडी वाजते. सहा बटणं लागली, दोन कोरी राहिली. आईला अक्षरओळख नाही, म्हणून डब्याला मी गोधडीसारखं पांघरूण शिवलं आणि प्रत्येक बटणावर वेगळ्या रंगाचं ठिगळ लावलं. पाण्याला निळं, दुखण्याला लाल चौकडीचं, भुकेला पिवळं, बाहेर जायला हिरवं, असं. चिंध्या आईच्याच गाठोड्यातल्या. गोधडीसाठी म्हणून ती घरातला एकही कपडा टाकून देत नसे. काय देखणा झाला होता डबा! मी तर सगळ्या गल्लीला दाखवून आले.

गावी नेऊन आईपुढं ठेवला. तिनं डाव्या हातानं सगळी ठिगळं एकेक करून चाचपली. तिचा चेहरा असा उजळला की माझा जीव भांड्यात पडला. मग तिनं निळं बटण दाबलं. डबा बोलला, "पाणी पाहिजे." मी धावत तांब्या आणला. आईनं माझ्याकडं बघितलं, तांब्याकडं बघितलं, आणि तांब्या ढकलून दिला. पुन्हा निळं दाबलं. पुन्हा पाणी आणलं. पुन्हा ढकललं. मला वाटलं, सवय नाही, होईल हळूहळू.

कसलं काय! काही दिवसांनी संगीतावहिनीचा फोन आला. विकासची, म्हणजे माझ्या भावाची बायको. तो धरणाकाठी टुरिस्टांच्या तंबूंवर कामाला असतो. आईचं सगळं तीच करते, आणि कधी कुरकुर करत नाही. त्या दिवशी मात्र वैतागली होती.

"वन्सं, तुमचा डबा घिऊन जावा बाई. आत्याबाई सारखं पानी पानी करत्यात आन दिलं की ग्लास ढकलून देत्यात. ह्यांना टेंटावरनं यायला उशीर झाला का दुखतंय म्हून दाबत्यात. मी बाम चोळून चोळून दमले. कुटं दुखतंय इचारलं तर कुटंच न्हाई! काल तर डबा उचलून फेकायला निघाल्या."

मला असा राग आला म्हणता! आईचा, डब्याचा, माझा, सगळ्यांचाच. डबा परत आणून मी अफसानाच्या काउंटरवर आदळला. म्हटलं, "घे. तुझी चिप आणि तुझे ते हरवलेले अडीच एमबी. आमच्या नशिबात नाही आईचं बोलणं."

दुसरी कुणी असती तर वाईट वाटून घेतलं असतं. अफसानानं वायर जोडली.

"चिपला विचारते," म्हणाली.

"काय विचारतेस? तिला काय कळतंय?"

"कोणतं बटण किती वेळा दाबलं ते. मेमरीच्या सुरुवातीला एक छोटा कप्पा असतो, किरकोळ नोंदींसाठी. मी त्यात मोजून ठेवत होते. कोणतं बटण आधी झिजतं ते मला बघायचं होतं."

ऐका! माझी आई मुकी झालीय आणि हिला बटण कधी झिजतं याची उत्सुकता. मी काही बोलणार तेवढ्यात स्क्रीनवर आकडे आले. थंडी, चहा, भूक यांना जेमतेम हात लागलेला. लाल चौकडीचं बरंच दाबलेलं. आणि निळं? बाकी सगळ्यांची बेरीज केली तरी निळ्याच्या पासंगाला पुरेना.

"मावशींना एवढी तहान लागत नसणार," अफसाना म्हणाली. "त्या पाणी मागतच नाहीयेत. निळं दाबून त्या दुसरंच काहीतरी मागतायत. रंजनाताई, हे निळं काय आहे?"

"काय म्हणजे? निळा रंग. पाण्याचा."

"रंग नाही. कापड कशाचं आहे?"

मी डबा जवळ ओढला. कापड मला विचारावं लागत नाही, बोटांना कळतं. जाड, रेघ नसलेलं, धुऊन धुऊन विटलेलं. माझ्या शाळेच्या स्कर्टचं होतं ते. नसीरचाचांच्या जीपमध्ये बसायचे तोच स्कर्ट. लाल चौकडी विकासच्या पहिल्या शर्टाची. पिवळं संगीतावहिनीच्या हळदीच्या साडीचं. हिरवं भाचीच्या, रेणुकाच्या, झबल्याचं.

गोधडी शिवणाऱ्या बाईला ठिगळात रंग दिसतो होय? तिला माणूस दिसतं. हा थोरल्याचा सदरा, ही धाकटीची चोळी, असं करत करत तर आईनं सगळ्या गोधड्या शिवल्या. मी तिच्यापुढं आमची सगळ्यांची ठिगळं मांडली होती आणि तिला वाटलं, माणसं मांडलीत. विकासला उशीर झाला की ती विकासचं बटण दाबत होती आणि वहिनी तिला बाम चोळत होती. निळं दाबून ती मला हाक मारत होती. डबा पाणी म्हणाला की, बिघडलाय म्हणून पुन्हा दाबत होती, आपण न लागणारा दिवा लावायला स्विच पुन्हा पुन्हा खटखटवतो तशी. मला रडू फुटलं. गिऱ्हाईक आलं होतं, त्याला मी उद्या या म्हणून ओरडले.

अफसानानं पाणी दिलं. मग म्हणाली, "मग माणसंच भरू या. पण हाक तुमच्या आवाजात कशी चालेल? मावशींचा आवाज आहे का कुठं?"

होता! माझ्या फोनमध्ये होता. आईला लिहिता येत नाही, म्हणून विकासचा फोन तोंडाशी धरून ती मला बोलून मेसेज पाठवायची. कोंबडी बसली, पाणी चढलं, अमकीची तमकी बाळंत झाली. मध्येच विकासवर ओरडायची, वहिनीला चहा टाकायला सांगायची, ते सगळं त्यात आलेलं. ढीगभर आवाज होता. ऐकताना मी हसले आणि पुन्हा रडले. पण तिची वाक्यं लांब, आणि प्रत्येक माणसाला एकच वाक्य घालून काय भागणार? शिवाय पाणी, दुखणं हेही लागणारच, ते दोन्ही एका कोऱ्या बटणावर घालायचं. पाऊण मिनिटात मावेना.

"आवाज जरा घोगरा केला तर दुप्पट मावेल," अफसाना म्हणाली आणि तसा करून ऐकवला. चाळणीतून आल्यासारखी आई बोलली.

"नाही. माझी आई अशी बोलत नाही."

"मग हरवलेले अडीच शोधावे लागतील," ती म्हणाली, आणि आनंदानं हात चोळले.

चिपमध्ये कुठं काय ठेवायचं याचा एक नकाशा असतो. तो मेमरीतच, पुढच्या बाजूला लिहिलेला असतो. अफसानानं तो स्क्रीनवर काढला. नावं आणि लांबच लांब आकडे. मला काही बोध होईना. तेव्हा ती माझ्या टेबलाशी आली, माझा खडू घेतला आणि म्हणाली, "एक एमबी म्हणजे एक मीटर धरा. चार मीटर कापड आहे. आता मी कसं बेतलंय ते आखते."

आणि तिनं आखलं. अगदी टोकाला बोटभर, चिप जागी होताना आधी जे वाचते ते. त्याच्या शेजारी नकाशा. मग तो नोंदींचा छोटा कप्पा. मग सव्वा मीटर प्रोग्रॅमला. मग आणखी सव्वा मीटर. आणि शेवटचे दीडला थोडे कमी, फाइलींना.

मी त्या मधल्या सव्वा मीटरवर बोट ठेवलं. "हे काय?"

"हे रिकामं. नवा प्रोग्रॅम इंटरनेटवरून आला तर जुना चालू असताना तो आधी इथं उतरतो. नीट उतरला, की मग जुन्याच्या जागी तो चालतो. मध्येच लाइट गेली तरी जुना शाबूत राहतो. कारखान्यातून नकाशा असाच येतो."

"आणि आपला प्रोग्रॅम केवढा?"

तिनं पहिल्या सव्वा मीटरात हातभरसुद्धा नाही एवढी रेघ मारली.

"अगं ए शहाणे!" मी ओरडलेच. "आमच्या घरात फोनला रेंज यायला ओट्यावर उभं राहावं लागतं, तिथं डब्याला वाऱ्यावरून काय येणार आहे? वाढत्या अंगाच्या पोरीच्या फ्रॉकला दुमड ठेवतात, म्हातारीच्या चोळीला कशाला? काढ ती!"

अफसाना खडू हातात धरून बघतच राहिली. मग खो खो हसायला लागली. नकाशा तिनं नव्यानं बेतला. प्रोग्रॅमला एक मीटर, मधलं रिकामं पुसलं, आणि फाइलींना तीन मीटरला चार बोटं कमी. नवा नकाशा चिपमध्ये घातला, मी हौसेनं बटण दाबलं, तर डबा गप्प! तिनं कपाळावर हात मारला. फाइलींची जागा आता आधीपेक्षा अलीकडून सुरू होत होती, आणि नव्या जागी तिनं काही भरलंच नव्हतं. नकाशा बदलला की सगळं सामान पुन्हा लावावं लागतं. तो छोटा कप्पा तेवढा जुन्याच जागी होता, म्हणून दाबल्याच्या नोंदी तशाच राहिलेल्या. आम्ही आईचा आवाज नव्यानं भरला. आता दीड मिनिट मावत होतं. प्रत्येक माणसाला दोन-तीन वाक्यं, बटण दाबलं की पुढचं पुढचं.

त्या रविवारी मी अफसानालाही ओढून नेलं. सकाळी निघालो, जीप भरेपर्यंत कामशेतला तिष्ठत बसलो आणि घरी पोचेपर्यंत जेवणवेळ टळून गेली होती. आईनं डबा बघितला आणि तोंड फिरवलं. मी तिचा डावा हात धरून निळ्यावर ठेवला. तिनं कंटाळून दाबलं.

"रंजे, जेवलीस का गं?"

तिचाच आवाज. खणखणीत. वहिनी चुलीपासून उठून दारात आली. आई डब्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती माझ्या उत्तराची वाट बघत होती. एवढे महिने आम्ही तिला विचारत होतो, आज तिनं विचारलं होतं.

मी कसंबसं म्हटलं, "जेवले गं, आये."

तिनं पुन्हा दाबलं.

"खोटं बोलू नगंस. आवाजावनं कळतंय मला."

वहिनी पदर तोंडात धरून हसायला लागली. मी हसत होते की रडत होते मला सांगता येणार नाही. आई मात्र मजेत होती. विकासचं दाबलं, "आरं इकास, खाऊन जा की मुडद्या!" विकास मागच्या दारानं धावत आला. पिवळं दाबलं, "सांगे, च्या टाक गं जरा." बाईनं सगळं घर कामाला लावलं.

अफसाना दाराशी बसून बटणं नीट लागतायत का तेवढं बघत होती. आईनं तिला खुणेनं जवळ बोलावलं. तिच्या ओढणीचं टोक धरलं, डब्याकडं ओढलं आणि उरलेल्या एका कोऱ्या बटणावर दाबून धरलं. आम्हाला सगळ्यांना कळलं.

"पण मावशी," अफसाना हळूच म्हणाली, "तुम्ही मला कधी मेसेज पाठवलाच नाहीत. माझ्या नावानं तुमचा आवाज कुठून आणू?"

आईनं ओढणी सोडली नाही. अफसानानं मग पिशवीतून लॅपटॉप काढला, माझं पहिलं वाक्य उघडलं, त्यातलं 'रंजे' तेवढं कापलं आणि उरलेलं त्या बटणाला लावलं. मी म्हटलं, "वा गं वा! माझ्या आईचं वाक्य, आणि माझंच नाव उडवलंस!" मी कात्री घेतली. ओढणी नवी होती, तरी तिनं टोक स्वतःच पुढं केलं. ठिगळ मी तिथंच, उंबऱ्यात बसून टाचलं.

आईनं बोटांनी ते चाचपलं आणि दाबलं.

"जेवलीस का गं?"

अफसानानं खाली बघितलं. माझं काय झालं ते तिनं पाहिलेलं होतं.

"नाही, मावशी," ती म्हणाली.

आईनं लगेच पिवळं दाबलं. या खेपेला डबा म्हणाला, "सांगे, वाढ गं पोरींना." संगीतावहिनीनं दोन ताटं घेतली.